माश्यांनी चाटलेली काच

मुलांनो, परवा फोनवर तुमच्यापैकी एकीने विचारले, "आजी, तू नर्स होतीस ना?" नव्हते. मी प्रयोगशाळेत रक्त तपासायची. हे तुम्हाला नीट ठाऊक असावे, म्हणून शिकतानाचा एक दिवस आत्ताच लिहून ठेवते.

सत्तरच्या दशकात मी मेडिकल लॅब टेक्नॉलॉजी शिकायला साताऱ्याहून सांगलीला आले. सरांचा एक नियम होता. काचेवर रक्त पसरले, की ते औषधात बुडवून आधी पक्के करायचे, चहा नंतर.

दिवाळी होऊन गेली होती. वडूजकडची एक तरुण बाई सासूबरोबर आली. महिनाभर तिला एक दिवसाआड थंडी वाजून ताप येत होता. मी तिच्या बोटाला टोचून थेंब घेतला, पसरला, काच वाळायला खिडकीत ठेवली आणि मैत्रिणींबरोबर चहाला गेले. परत आले तर काच जवळजवळ कोरी. गुऱ्हाळे सुरू झाली की सगळीकडे माश्या. त्यांनी रक्त चाटून नेले होते, आणि त्या दोघी गावची गाडी धरायला निघून गेल्या होत्या.

'काही आढळले नाही' एवढे लिहून मोकळे होता आले असते. पण मग ती तशीच तापत राहिली असती. मी सुई आणि नवी काच घेतली आणि एस.टी. स्टँडकडे पळत सुटले. साडीत इतके पळता येते हे मला त्या दिवशी कळले.

वडूजची गाडी सुटायच्या बेतात होती. दोघी मागच्या बाकावर सापडल्या.

"मावशी, हिचं रक्त पुन्हा घ्यायला हवं."

"आवं बाई, सकाळीच दिलं की. त्याचं काय केलं?"

खोटे सुचले नाही. "माश्यांनी खाल्लं. माझी चूक झाली."

म्हातारी सुनेकडे वळली. "ऐकलंस का? गुळाच्या ढेपी सोडून माश्या तुझ्यावर बसल्या. लय गोड हायस म्हनायची. घरात तर कवा दिसलं न्हाई."

सारी गाडी हसली. तापलेली सूनही हसली.

"मावशी, उतरताय का बसताय?" कंडक्टरने विचारले.

"तासाभरात तपासून सांगते," मी म्हातारीला म्हणाले. "उतरा."

म्हातारीने गाठोडे उचलले. "चल गं. ही पोरगी खरं बोलली."

स्टँडवरच सुनेच्या बोटाला पुन्हा टोचले. या वेळी काच हातातच धरून वाळवली, प्रयोगशाळेत नेऊन पक्की केली, रंगवली. सूक्ष्मदर्शकाखाली बघत गेले आणि एका तांबड्या पेशीत ती दिसली : बारीक निळी अंगठी, तिला लाल खडा. मग दुसरी, तिसरी. हिवतापाचे जंतू.  सरांना आधी माश्यांचे सांगितले, मग काच दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सगळ्यांना बोलाव. बघू देत."

त्या दोघी संध्याकाळच्या गाडीने गोळ्या घेऊन गेल्या. पंधरा दिवसांनी म्हातारी एकटीच आली, ताप गेल्याचे सांगायला.

ती काच सरांनी मला ठेवू दिली. अजून माझ्याकडे आहे. रंग उडत चालला आहे, पण अंगठ्या दिसतात.