काचेतली मडकी

संग्रहालयाच्या दालनात नातीनं मला आधी एक दगडी अंडं दाखवलं. "आजोबा, हे डायनासोरचं!"

"असले गोटे आपल्या ओढ्यात ढिगानं पडलेत," मी म्हटलं. शाळा फार शिकलो नाही, पण कुणी पाटी लावली म्हणून मान डोलावणारा मी नव्हे.

पुढे काचेत दोन मडकी आडवी होती, तोंडाला तोंड लावून. हजारो वर्षांपूर्वी तान्हं मूल गेलं की आईबाप ते असं मडक्यांत ठेवून घरातच पुरायचे, असं नातीनं वाचून सांगितलं. ह्या पाटीवर मात्र मला शंका आली नाही. तान्ह्याला आम्हीही पुरतोच. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर बाभळीचे काटे टाकतो. त्या बापानं मडक्यावर मडकं लावलं, तेही धास्तीनंच असणार. मला शंका आली ती मडकी उघडणाऱ्याची. कुणाला विचारून उघडली?

माझी म्हातारी काचेपासून हलेना. हळूच म्हणाली, "अहो, आपल्या पहिल्या बाळाला कुणी असं काढणार नाही ना?"

"हात तर लावू दे कुणी!" मी एवढ्या मोठ्यानं बोललो की पहारेकरी बघायला लागला.

पण त्या बापालाही असंच वाटलं असेल. गावी उतरल्यावर घरी न जाता मी बांधावर गेलो. बाळाच्या जागेवर खूण म्हणून रोवलेला दगड उपटला आणि ओढ्यातल्या गोट्यांत टाकून दिला.

आता शोधा म्हणावं.