आप्पांची फॅट

न्हावऱ्याचे आमचे खोलीमालक आप्पा नसते, तर दिवाळीपर्यंत आई मला दिसली नसती, हे आधी सांगतो. आणि जगात अशी एकही नवी वस्तू नाही जिची किंमत आप्पांना पटली आहे, हेही सांगून टाकतो. टीव्हीवर नव्या फ्रिजची जाहिरात लागली की ते पडद्याला उत्तर देतात, "मागल्या सालचाच हाय, दारच बदललंय!" कुणा भाडेकरूनं मिक्सर आणला तरी तळहातावर तोलतात आणि विचारतात, "ह्याची फॅट किती वाढली?" उभा जन्म डेअरीवर दूध घालण्यात गेला. तिथं मशीन दुधातली फॅट दाखवतं, फॅटवर दर ठरतो. मग बाकीच्या दुनियेला वेगळा कायदा कशाला, असं त्यांचं म्हणणं.

मी लांबचा, किनवटकडचा. नववीत शाळा सुटली, आता कंपनीत पॅकिंगला उभा असतो. शिफ्टवरून येताना मोबाइल पडला तो उठलाच नाही. आईला जन्मापासून ऐकू येत नाही, ती हातांनी बोलते, म्हणून आमचं बोलणं व्हिडिओ कॉलवरच, साधा फोन आम्हाला कामाचा नाही. तिकडे गावी शेजारच्या काकूंच्या मोबाइलसमोर ती रोज येऊन बसत असणार, या विचारानं मला घास उतरेना. आप्पांनी गाडी काढली, शिरूरच्या दुकानात नेलं. माझ्या जुन्या मोबाइलचाच नवा भाऊ, पण किंमत भलतीच चढलेली.

"फॅट किती वाढली?" आप्पांनी सुरुवात केली.

दुकानदारीणबाई मूळच्या राहू गावच्या, घरी म्हशी. त्या हसल्या. "आप्पा, आतली चिप महागलीय. म्हशींची पेंड महागली तवा डेअरीवर तुमीच दर वाढवून मागितला ना? तवा दुधाची फॅट वाढली हुती व्हय?"

आप्पांनी उपरण्यानं मोबाइल पुसून परत ठेवला. "न्हाई वाढली. भाव बरोबर हाय बाई. पर ह्या पोराला झेपत न्हाई, त्येचं काय?"

आम्ही रिकाम्या हातानं निघालो.

घरी आल्यावर आप्पांनी कपाटातून एक सीलबंद खोका काढला. लेकीनं आणलेला मोबाइल, किंमत पटली नाही म्हणून उघडलाच नव्हता. "घे. माझं बटनाचं बरं हाय. ह्येची किंमत मला आजबी पटल्याली न्हाई."

काकूंना व्हिडिओ कॉल लावला, पडद्यावर आई दिसली. आधी रडली, मग हातानं विचारलं, मागे कोण उभं आहे? आप्पांना ती भाषा कुठली येणार! त्यांनी दोन्ही मुठींनी हवेतच म्हैस पिळून दाखवली. आई इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला.

आता शिफ्टवरून थकून येतो, उद्या कामावर ठेवतील का ही धास्ती असतेच, पण आधी आईला तोंड दाखवतो. आप्पा, या उपकाराची बरोबरी कशानं करायची ते अजून सुचत नाही. पण एक दिवस करीन, नक्की करीन.