साळुबाईंवर गाणं कोण रचणार?

अवसरी बुद्रुकच्या साळुबाईंना गाणी रचायला कुणी शिकवलं नाही. गप्प बसायलाही कुणी शिकवलं नाही, आणि दोन्ही मिळून त्यांचं नाव झालं. गावात कुणाच्या मुलीचं लग्न निघालं की तिची आई आधी साळुबाईंना सांगून यायची, मग आचाऱ्याला. विहीण, म्हणजे मुलाची आई, पंगतीत बसली की मुलीकडच्या बायकांनी तिची टिंगल करणारं गाणं म्हणायचं असतं, आणि ते साळुबाईंसारखं कुणाला जमत नसे. त्या विहिणीला मांडवात एकदा डोळे भरून बघत. तेवढ्यात तिचं नाक, चाल, नथ, सगळं चालीत बसायचं. एका लग्नातलं गाणं दुसऱ्या लग्नात म्हणायचं नाही, शिळं वाढायचं नाही, हा त्यांचा बाणा. लिहून ठेवणं तर दूरच.

"ही बाई जुन्नर-आंबेगावच्या सगळ्या विहिणी एक दिस आपल्या अंगावर घालणार हाय," असं त्यांचे यजमान रखमाजी म्हणत.

विहिणी चिडायच्या खऱ्या, पण साळुबाईंना त्यांचा हेवा वाटायचा. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. आपण इतक्यांवर गाणी केली, आपल्यावर एकही नाही! एकुलत्या एक ऋषीचं लग्न होईल, आपण विहीण होऊ, मग कुणीतरी आपल्यालाही तसं न्याहाळेल, एवढीच आस होती. आणि ऋषी पोरी नाकारत, पोरींकडून नाकारून घेत तिशीला टेकला.

शेवटी राजुरीची हर्षाली पसंत पडली. तिची आई साधना अवसरीचीच लेक, त्यामुळे गाण्यांची रीत तिला माहीत होती. साळुबाई निर्धास्त झाल्या.

लग्नाच्या दिवशी त्या जांभळी पैठणी नेसून पंगतीत बसल्या आणि कान टवकारले. राजुरीकरांनी उसातला बिबट्याही पळून जाईल असा डीजे आणला होता. तो पंगतीपुरता थांबला, तर बायका मोबाइलवर फोटो काढत बसल्या. गाण्याचं नाव नाही.

साळुबाईंना वाटलं, विषय मिळत नसेल बिचाऱ्यांना. मग त्यांनी विषय पुरवायला सुरुवात केली. मठ्ठा आंबट आहे म्हणाल्या. साधनानं धावत दुसरा आणला. पंख्याचं वारं लागतंय म्हणाल्या. पंखा बंद झाला. उकडतंय म्हणाल्या, पुन्हा सुरू झाला. इतकी गुणी माणसं पाहून त्यांचा जीव मेटाकुटीला आला. शेवटी त्यांनी ठेवणीतला रुसवा बाहेर काढला. ताट पुढं सारलं आणि म्हणाल्या, "मानाची साडी ही असली? आमच्याकडं असली पोतेऱ्याला घेत्यात."

साधनाचा चेहरा उतरला. हर्षालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ऋषी दबक्या आवाजात म्हणाला, "आई, काय लावलंयस? लोक काय म्हणतील?"

"काय बी म्हणू देत, पण चालीवर म्हणा की!" साळुबाईंचा बांध फुटला. "इतक्या वर्सांत माझ्यावर कुणी एक ओळ रचली न्हाई. साडी लई झ्याक हाय गं पोरी, रडू नको. चुकलं माझं."

साधना चाचरत म्हणाली, "काकू, तुमच्यावर गाणं रचायची हिंमत कुणाची हाय?"

"रचायची न्हाई. म्हनायची हाय की!" खुर्चीत बसलेल्या साधनाच्या म्हाताऱ्या सासू सखूबाई बोलल्या, आणि त्यांनी चिरक्या आवाजात सुरूच केलं:

"अवसरीची विहीण बसली, तूप वाढा म्हणती गं,
घरी हिची मांजरी ताकावाचून कण्हती गं!"

मांडव खदखदला. साळुबाई तर लहान पोरीसारख्या हरखल्या. "लई झोंबरं हाय! रचलं कुणी वो?"

"तूच. साधनाच्या लग्नात माझ्यावर. मी नुसतं राजुरीचं अवसरी केलं." सखूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "सून घरात आली तवापास्नं तुझी मांजरी मी सांभाळतीया. आमचे हे जाईस्तवर मला मांजरवाली म्हनायचे. फुडं आजून चार ओळी हायेत. आठवत्यात का?"

साळुबाईंना एकही आठवेना. जन्मभर रचलेलं त्यांनी मांडवातच सोडून दिलं होतं, आणि जिला झोंबलं तिनं ते जपलं होतं. त्यांना भरून आलं. ताटावरून तशाच उठून त्या सखूबाईंच्या पाया पडल्या.

"मला माफी द्या," त्या म्हणाल्या.

"माफी कशाची?" सखूबाई म्हणाल्या. "उभ्या जन्मात माझ्यावर गानं रचलंस ते तू एकटीनं."