शिवेपल्याडची थावरी

थावरी गेली हे मला तिच्या सुनेनं सांगितलं. आषाढ सरत आला होता, दोन दिवस पावसानं उघडीप दिली होती, म्हणून मी अंगणात तुरीची डाळ उन्हाला घालत होते. सून फाटकापाशी आली आणि तिथेच थांबली. "याडी गेली," एवढंच म्हणाली. बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात, आणि ही सून सासूलाही तसंच म्हणायची. मी हातातली डाळ टाकून उठले. "अगं, आत तर ये पोरी, बस जराशी." तर ती मागे सरकली. "नाई बाई, आमच्याकडं पटकी हाय. तुमच्या घरात आणत नाई." ... सासूचं प्रेत घरात पडलेलं, आणि या पोरीला कुठपर्यंत यायचं नि कुठे थांबायचं याचं भान होतं! महिना उलटून गेला, पण तिचं ते फाटकापाशी थांबणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आम्ही यवतमाळच्या बाहेर, लोहाऱ्याच्या वाटेवर राहायला आलो ते छप्पन सालच्या दिवाळीनंतर. आमच्या ह्यांना जिनिंगात काम लागलं होतं आणि गावातल्या खोलीचं भाडं झेपत नव्हतं. तेव्हा इथे होतं तरी काय... थोडीशी कुडाची घरं, एक चिंच, पुढे नाला, आणि नाल्यापल्याड बंजाऱ्यांचा तांडा. मी चूल मांडते न मांडते तोच डोक्यावर मोळी घेतलेली एक उंच बाई दारात उभी. "वल्ली लाकडं जायतं का वं वयनी? धुरानं आंधळी होशीन." मोळीतली चार वाळकी लाकडं तिनं माझ्या चुलीपाशी टाकली आणि आपणहून बसली. ती थावरी. त्याच दिवसांत आपला मुलूख मध्यप्रदेशातून काढून मुंबई राज्यात घातला होता. मी तिला तसं सांगितलं, तर ती गुडघ्यावर थाप मारून हसली. "काल मध्यप्रदेशात होती म्हंते, आज मुंबईत! अवं, मी त चुलीपासून हालली बी नाई. मंग मले उचलून नेलं कोनं?" पुढे साठ साली महाराष्ट्र झाला, तेव्हा सकाळीच येऊन विचारून गेली, "आता कुठी नेलं, पाहून सांग बरं!"

तिच्या सासऱ्याचे बापजादे बैलांवर मिठाच्या, धान्याच्या गोण्या लादून मुलूखभर हिंडायचे आणि याच नाल्याकाठी बैल उतरवायचे. म्हणून गाडीवाले या जागेला 'तळ' म्हणत. गोण्या गेल्या, बैल थोडे राहिले, आणि ही माणसं तिथेच कोरडवाहू जमीन कसत राहिली. आमच्या वस्तीला मात्र ते नाव सोसेना. जिनिंगातले मुकादम किसनराव हे वस्तीचे कारभारी. ते म्हणायचे, "तळ म्हंजे काय? आपण काय बैलं हाओ?" पोस्टमन पत्ता विचारायचा, तेव्हा चिंचेखाली बसून सगळ्यांनी 'नवी पेठ' असं नाव ठेवलं. थावरी म्हणाली, "ठेवा बापा. पण जुनी कुठी हाय मंग?" अशी ती. तोंडावर बोलायची आणि मग आंबाडीची भाजी मागून खायची. मला म्हणायची, "तुम्ही कुणब्याच्या बायका वावरात मरमर राबता अन् दारात आल्यावर लाजता. आमचं उलटं हाय!"

नाव झालं, आता गावाला शीव हवी. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, घरातलं झिजलेला झाडू, फुटकं मडकं, मोडकं सूप घेऊन शिवेवर जायचं आणि "इडा पिडा घेऊन जाय गे मारबत" असं ओरडत पल्याड फेकायचं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण जुन्या गावाची शीव आजोबा-पणजोबांपासून ठरलेली असते. आमची पेठ कालची. किसनराव म्हणाले, "शीव नाई त गाव कायचं? हा नाला आपली शीव." झालं. दरसाल करीला सगळी पेठ वाजतगाजत नाल्यापर्यंत जायची आणि घरची पिडा पल्याड भिरकावून मागे न पाहता परतायची. मागे पाहायचं नाही हा नेमच असतो... म्हणून ती पिडा कुठे पडते हे कोणी पाहिलंच नाही. आम्हाला जो काठ, ते थावरीचं अंगण होतं.

दोन-तीन पोळे तिनं सोसलं. मग एका करीला, आम्ही परतून हातपाय धूत होतो, तर थावरी डोक्यावर टोपलं घेऊन नाला ओलांडून आली. चिंचेखाली टोपलं उतरवलं. आत आमचेच झाडू, आमचीच मडकी.

"कोनाकोनाचं हाय, पाहून घ्या."

किसनराव पांढरे पडले. "थावरीबाई, हे वापस नसते आनत. अपशकुन हाय!"

"देतांनी नव्हता का?" ती कमरेवर हात ठेवून उभी. "तुमची पिडा माह्या दारात, किसनभाऊ. मंग माही पिडा मी कोनाच्या दारात ठिऊ, तेवढं सांगा."

"आपली शीव नाला हाय, बाई. त्याच्या पल्याड आपलं काई नाई."

"आपलं म्हंजे कोनाचं?"

किसनराव टोपल्यापासून दूर सरकले. थावरीच खाली बसली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "च्या त पाज वयनी. एवढ्या घरायचं ओझं वाहून आनलं." बायका हसल्या, तीही हसली. मला वाटलं, गोष्ट तिथे मिटली.

मिटली नव्हती. महाराष्ट्र झाल्यानंतर शहराची हद्द वाढणार अशी बातमी आली. आत येईल त्या वस्तीला नळ. आम्ही हरखलो, पण थावरीइतकं कोणीच नाही. तांड्याचं पाणी म्हणजे नाल्याच्या वाळूत खोदलेला झिरा. उन्हाळ्यात वाटीवाटीनं भरायचा, आणि पावसाळ्यात आमच्या पेठेची सगळी घाण वाहत त्यात उतरायची. तिची दोन लेकरं लहानपणीच हगवणीनं गेली होती. ती कशाबद्दलही थट्टा करायची, पण पाण्याबद्दल कधी नाही. "नळ आला ना वयनी," ती म्हणाली होती, "त माह्या लेकरायवानी नातवायले मी मातीत पुरनार नाई." हे वाक्य ती एकदाच बोलली.

मोजणीवाले साखळ्या नि झेंड्या घेऊन आले. "तुमची वस्ती कुठपर्यंत?" साहेबानं विचारलं. किसनराव त्यांना नाल्यावर घेऊन गेले आणि पल्याडच्या काठावर कुजत पडलेले झाडू दाखवले. "हे पाहा साहेब, हे आमची शीव. दरसाल करीले इथंच पिडा टाकतो." साहेबही खेड्यातलाच. त्याला ते लगेच पटलं. थावरी पल्याडून पाण्यात उतरली. "साहेब, मले बी इचारा ना! पयले आमी आलो. हे पेठ आमच्या बैलायच्या तळावर बसली हाय." तो बरा माणूस होता, टोपी काढून म्हणाला, "बाई, मी नुसता मोजतो. हद्द लोक दाखवतात." मी पुढे झाले, म्हटलं, तांडाही आत घ्या. आमच्या ह्यांनी माझा हात धरला. किसनराव हळूच म्हणाले, "वयनी, पल्याडचं घेतलं त लाइन लांबते. मंग आपलाई नळ राहून जाईन." वाईट माणूस नव्हते ते. त्यांच्याही घरी तान्ही नात होती. पण नाल्याच्या अलीकडे हद्दीचा दगड रोवला गेला, तो कायमचाच.

नळ आला तेव्हा तांड्यातल्या दोघी घागरी घेऊन आल्या. रांगेतून कोणीतरी म्हणालं, "हद्दीबाहेरचे मागं राहा." ते ऐकल्यावर थावरी नळावर कधी आलीच नाही. मी बोलवायची, तर म्हणायची, "तुह्या घरचं दे, घेतो. नळावर मले कोनी ओयखत नाई." मग रोज सकाळी ती दगडापाशी यायची आणि मी तिला माझ्या घरची एक घागर द्यायची. वर्षानुवर्षं. ती घागर नातवंडांना जायची. ती स्वतः झिऱ्याचंच प्यायली... हे मला तिच्या सुनेकडून नंतर कळलं. आणि एका घागरीत तांडा कुठे भागतो?

यंदा आषाढात पटकी आली. नगरपालिकेचे लस टोचणारे आले, आमची पेठ घरोघर टोचून झाली, आणि ते दगडापाशी थांबले. पल्याडचं आमच्याकडे नाही म्हणाले, तिकडची माणसं येतील. माणसं आली, पण उशिरा. मधल्या एका सकाळी थावरी घागर न्यायला आली ती माझी तिची शेवटची भेट. चेहरा उतरला होता. तरी म्हणाली, "सुईबी शीव पाहाते का वं वयनी?" मी हसू शकले नाही. "तू तरी हे पाणी पी आज," मी म्हटलं. "पोरायले लागते," म्हणाली, आणि घागर कडेवर घेऊन नाल्यात उतरली.

तिला न्यायच्या वेळी किसनराव दगडापर्यंत आले. मग धोतर वर धरून नाला ओलांडून पल्याड आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सरणाची लाकडं त्यांच्याच गाडीतून गेली. हद्द वाढवायचा अर्ज करू, असं पेठेत आता बोलतात. बोलू द्या. मला त्यात थावरी दिसत नाही.

ती दिसते ती नळावर, जिथे ती कधी उभी राहिली नाही. आज सकाळी मी रांगेत होते, तर तिची सून आली. रिकामी घागर घेऊन, दगड ओलांडून, सरळ. माझ्या फाटकापाशी थांबलेली तीच पोर. रांगेच्या शेवटी उभी राहिली आणि खाली पाहत राहिली. कुजबुज झाली. एकीनं घसा खाकरला. पोरीचा नंबर आला, तिनं घागर तोटीखाली ठेवली. पाणी बारीक येत होतं, भरायला फार वेळ लागला, पण मागे राहा असं तिला कोणी म्हटलं नाही. भरलेली घागर तिच्या डोक्यावर चढवायला मी हात लावला. थोडं पाणी सांडलं. ती गेली. उद्या आली तर काय होईल, मला माहीत नाही... मी पहाटेपासून तिथे उभी राहीन, एवढंच.