त्रेचाळीस पोरांचं एक टिंब

व्हर्ना स्टिडहॅमने बावीस वर्षं शाळेची बस चालवली आणि बावीस वर्षांत एकदाही उगाच हॉर्न वाजवला नाही. अशा सबुरीच्या बाईला राग कसा आला, ते सांगायलाच हवं.

नॉर्थ कॅरोलायनातल्या एका काउंटीत, मोठ्या रस्त्याला लागून, एकसष्ट घरांचा ट्रेलर पार्क, म्हणजे चाकांवरच्या स्वस्त घरांची वस्ती आहे. त्यातल्या चौदा नंबरात ती नातीसोबत राहायची. नात टेसा, सात वर्षांची. टेसाची आई कुठे असते हे पार्कात कुणी विचारत नसे. दारातल्या पायरीवर उभं राहिलं की शाळेचा झेंडा दिसे. चालत सात मिनिटं, रस्तासुद्धा ओलांडायला नको.

तरीही टेसाने घर न बदलता तीन शाळा पाहिल्या होत्या. बालवर्ग एकीकडे, पहिली दुसरीकडे, दुसरी कशीबशी या झेंड्याखाली. काउंटीत नवी शाळा उघडली की कुठल्या घराने कुठल्या शाळेत जायचं त्या हद्दी बदलायच्या, आणि हद्दी बदलल्या की सगळ्यांत आधी उचलायचा तो ट्रेलर पार्क. पहिल्या दोन शाळांत टेसाने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. या तिसऱ्या शाळेत मात्र ती मोठ्याने वाचायला लागली. घरी येऊन आजीला धडा वाचून दाखवायची. ऐकताना आजीला डुलकी लागली तर तिलाच रागवायची.

फेब्रुवारीत शाळा-बोर्डाचा नवा नकाशा आला. पार्कची पोरं आता नऊ मैलांवरच्या शाळेत जाणार होती.

व्हर्ना सुनावणीला गेली. पलीकडच्या तळ्याकाठच्या बंगल्यांतले आईबाप एकसारखे निळे टी-शर्ट घालून चार रांगा अडवून बसले होते. पार्कातून आलेली ती एकटी, कारण बाकीचे त्या वेळी कामावर होते. भिंतीवरच्या नकाशात बंगल्याबंगल्याला एकेक टिंब होतं. पार्कचं मिळून एकच. एकसष्ट घरांचा पत्ता एक, म्हणून टिंब एक, आणि तेही रस्त्यापलीकडे, जिथे पार्कच्या टपालपेट्या आहेत तिथे.

बोर्डाच्या अध्यक्षा श्रीमती व्हिटकोम यांनी गोड आवाजात सांगितलं, "कमीत कमी पत्त्यांना त्रास होईल, असाच नकाशा आम्ही निवडलाय."

"बाई, पत्ता शाळेत जात नाही. पोरं जातात. त्रेचाळीस आहेत, नावं सांगू?" व्हर्नाने विचारलं.

ती अकराव्या नावावर होती तेव्हा तिला बोलायला दिलेली तीन मिनिटं संपली. लाल दिवा लागला आणि माईक बंद झाला. तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती गुमान घरी आली. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना खाली काय चाललंय ते दिसत नाही, दिसावं असं वाटतही नाही.

ऑगस्टमध्ये तिच्या हातात नव्या फेरीचा कागद पडला. तिच्याच पार्कची पोरं, त्याच झेंड्यासमोरून, वाटेतली बाकी पोरं घेत पन्नास मिनिटं लांब न्यायची. पार्कसाठी थांबा एकच, त्या टिंबावर. म्हणजे बस रस्त्यापलीकडे उभी राहणार आणि पोरं सगळा रस्ता ओलांडून येणार. ती तडक बस-विभागाच्या ड्वेनकडे गेली. हा ड्वेन लहानपणी तिच्याच बसमध्ये मागच्या बाकावर बसायचा.

"बस आत घालू दे रे. पार्कात वळायला जागा आहे."

"मिस व्हर्ना, थांबे कॉम्प्युटर ठरवतो. तुम्ही आपलं नियमाने चालवा ना."

"नियमाने? दे लिहून."

त्याने हसत हसत लिहून दिलं.

पहिल्या सोमवारी सात वाजून पाच मिनिटांनी व्हर्नाने टिंबावर बस लावली. लाल दिवे लागले, बसच्या बाजूची 'थांबा' अशी पाटी बाहेर आली आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या कायद्याने जागच्या जागी उभ्या राहिल्या. तळ्याकाठच्या बंगल्यांना बाहेर पडायला हा एकच रस्ता. नियम म्हणतो, पोराने चालकाच्या हाताकडे बघायचं. अंगठा दिसल्याशिवाय रस्त्यावर पाय टाकायचा नाही. व्हर्नाने अंगठा दाखवला. एक पोर आलं. तिने दोन्हीकडे पाहिलं, पुन्हा अंगठा दाखवला. दुसरं आलं. पहिलीतल्या एकाची पिशवी सांडली, ती त्याने सावकाश भरली. शेवटचं पोर बाकावर टेकेपर्यंत बस हलवायची नाही, हाही नियमच. अठरा मिनिटं लागली. मागे हॉर्नचा नुसता गजर चालला होता.

मंगळवारी तेच. बुधवारी ड्वेनचा फोन आला, जरा आवरतं घ्या म्हणून.

"कुठला नियम मोडू, तेवढं लिहून दे," ती म्हणाली. त्याने काही लिहून दिलं नाही.

तिला यात मजा येत नव्हती. आरशात तिला टेसा दिसायची, खिडकीला कपाळ टेकून बसलेली. लांबच्या शाळेत पोरीचं तोंड पुन्हा मिटलं होतं. घरी पुस्तक पिशवीतून बाहेरच येत नव्हतं. प्रत्येक अंगठ्यासरशी व्हर्नाच्या मनात नकाशावाल्यांसाठी एकेक शिवी उमटत होती.

शुक्रवारी रांगेतल्या एका गाडीतून श्रीमती व्हिटकोम स्वतः उतरून बसच्या खिडकीशी आल्या. आज आवाज गोड नव्हता.

"अहो, किती वेळ हे?"

"त्रेचाळीस आहेत," व्हर्ना रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली. "त्या दिवशी मी अकरापर्यंतच आले होते. आज सगळी मोजा."

नाक दाबलं की तोंड उघडतं. बंगल्यांतून दोनशे तक्रारी गेल्या आणि पुढच्याच आठवड्यात बोर्डाने तातडीची बैठक घेतली. पार्क जुन्या शाळेला परत जोडला गेला. पत्र आलं ते व्हर्नाने स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. कारण एका ओळीत दिलं होतं: वाहनांची गैरसोय टाळण्यासाठी. तिने कागद उलटून पाहिला. पोर हा शब्द कुठेच नव्हता. जिंकलेल्या माणसाने शांत व्हावं म्हणतात. तिने त्या पत्राचा चुरगळून बोळा केला.

टेसा दारात उभी होती. पिशवीतून तिने पुस्तक काढलं होतं.

"आजी, त्यांना आपली दया आली का गं?"

"नाही बाळा," व्हर्ना म्हणाली. "त्यांना उशीर होत होता."