जेवणाला वार उरला नव्हता

दगडूची नाडी इतकी संथ लागत होती की माझं घड्याळ बंद पडलं की काय, म्हणून मी ते कानाला लावून पाहिलं. घड्याळ चालू होतं.

संस्थानी अमलातली गोष्ट. भोरमधल्या एका छोट्या दवाखान्यात मी नवा डॉक्टर होतो. दगडू हा भोंगवलीचा तरणाबांड पैलवान. तरणाबांड म्हणजे वर्षापूर्वीचा. बैलगाडीतून त्याला उचलून आणावं लागलं होतं. हात गार, गाल बसलेले, दंडावर तान्ह्या मुलासारखी बारीक लव.

मोठ्या डॉक्टरांनी दारातूनच निकाल दिला. "टी.बी.!"

"सर, ताप नाही, खोकला नाही, छाती स्वच्छ. टी.बी.त नाडी पळते, याची रांगतेय. पुस्तकात एक आजार आहे, अनोरेक्झिया नर्व्होसा. त्यात भूक मेलेली नसते, जाड होण्याची भीती भुकेपेक्षा मोठी झालेली असते."

"तो तरुण मुलींचा आजार. हा पैलवान आहे."

"पोट पुरुषालाही असतं, सर."

ते हसले नाहीत. "मग तुमचा पेशंट तुम्हीच सांभाळा," म्हणाले आणि गेले.

मी दगडूच्या वडिलांना, रामजींना, विचारलं, "जेवतो का?"

रामजींची छाती फुगली. "लई कडक उपास हाईत त्याचं. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, बुधवार इठ्ठलाचा..."

गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा. देवांनी आठवडा वाटून घेतला होता. जेवणाला वार उरला नव्हता.

"आणि उपास सोडतो कधी?"

रामजींनी दाराकडे पाहिलं. दाराशी दगडूची आई उभी होती, ती म्हणाली, "सोडत न्हाई. ताट गोठ्यात नेतो आन् म्हशीफुडं ठिवतो. म्या बगितलंय."

"मग बोलला का नाहीत?"

"लोकं पाया पडत्यात त्याच्या. कुणाला सांगू?"

मी दोघांना बाहेर बसवलं आणि दगडूला विचारलं. तो आढ्याकडे बघतच म्हणाला,

"जत्रंत कुस्ती हारलो. पोरं म्हनाली, आदी पोट पडलं, मागनं पैलवान. तवाधरनं पोट कमी करतोय."

"आता कुठाय पोट?"

त्यानं बेंबीजवळची कातडी चिमटीत धरली. "ह्ये काय."

नुसती कातडी होती. 

उपाशी माणसाला एकदम भरपेट घातलं तर तो दगावू शकतो, म्हणून सुरुवात चमच्याचमच्यानं करायची होती. पण रामजी अडून बसले. "नेम मोडू नगा, डाक्टरसायेब. निस्तं ताकदीचं औशद द्या."

"औषधानं उपास मोडतो का?"

"न्हाई. औशद चालतं."

झालं. दुधातली पातळ पेज मी औषधाच्या बाटलीत भरली. डोस कळावा म्हणून बाटलीला खाचा पाडलेली कागदी पट्टी लावतात, तीही चिकटवली. रामजी खूश झाले. दगडूला मात्र खरं सांगितलं, "ही पेज आहे. प्यायला नाहीस तर मरशील."

तो रडला. रडत रडत एक खाच प्यायला. दुसऱ्या खाचेला त्यानं माझ्या आईचा उद्धार केला. मीही त्याला चार शिव्या हासडल्या आणि बाटली पुन्हा पुढे केली.

सोपं काहीच नव्हतं. मधे एकदा उशाखाली पेजेनं भिजलेलं फडकं सापडलं. तरी हळूहळू नाडी वर आली, हात उबदार झाले. पोरगा सावरतोय हे दिसल्यावर मी रामजींनाही खरं सांगितलं; ते नेमावर अडले नाहीत, आणि पुढे बाटलीची गरज उरली नाही. मोठे डॉक्टर एकदा येऊन नाडी बघून गेले. 

काही महिन्यांनी दगडू आपल्या पायांनी दवाखान्यात आला. मी विचारलं, "कसं काय?"

"आता कुनी पाया पडाय येत न्हाई. बरं वाटतं. पन डाक्टर, ताटावर बसलं की अजून भ्या वाटतं."

भीतीवरचं औषध माझ्या कपाटात नव्हतं. मी म्हणालो, "मग भीत भीत जेव."

पुढे इतकी वर्षं डॉक्टरकी केली, पण या आजाराला याहून चांगलं औषध मला लिहून देता आलं नाही.