तळ्यातला सॅमन आणि पुण्याचा फोन

माझी सून अस्मिता पुण्याची, अंड्यालासुद्धा न शिवणाऱ्या घरातली. आमच्या मालवणी घरात लग्न करून आली तेव्हा तिची आई, विनीताताई, तिला एवढंच म्हणाल्या, "तू खाऊ नकोस हं." ती खात नाही. आम्हाला बांगडे तळून वाढते नि स्वतः वरणभात घेऊन बसते. पण सुट्टी लागली की तीच बाई बोट घेऊन मासे पकडायला जाते. "आई खाऊ नको म्हणाली माई, पकडू नको कुठे म्हणाली?" हे मला. पुण्याला सांगायची मात्र छाती नाही. तिथे सांगते, "लेकवर फिरायला जातो." म्हणून मासा घरी आणायचा नाही, फोटो काढायचा नाही. पकडला की सोडला.

माझ्या जिवाला काय होत असेल, तुम्हीच बघा.

आम्ही राहतो सिडनीत, टूनगॅबीला. तिथून सहा तास गाडी हाकली की डोंगरात जिंडाबाईनचं तळं लागतं. माझा मुलगा सारंग दर्याकाठी जन्मला, पण बोटीत बसला की ओकतो. तो नातवाबरोबर मोटेलात झोपतो आणि बोटीत सुनेबरोबर मी. अस्मिता हॉस्पिटलात सोनोग्राफी करते. बोटीतही तिच्यासमोर तसंच मशीन, पाण्याखालचे मासे दाखवणारं. आठवडाभर बायकांची पोटं बघायची आणि सुट्टीत तळ्याचं.

तळ्यातले ट्राउट मासे तिला पुष्कळ मिळाले होते. सॅमन तीन उन्हाळे हुलकावण्या देत होता. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, मग तो खाली थंडाव्याला जातो. म्हणून शिशाच्या गोळ्याला दोरी अडकवून गळ खोल सोडायचा आणि बोट हळूहळू फिरवत राहायची. मासा लागला की दोरी गोळ्यापासून सुटते.

"सॅमन समुद्राचा ना गं?" मी विचारलं.

"मूळचा. इथे त्याची पिल्लं आणून सोडतात."

"म्हणजे ह्याने समुद्र बघितलाच नाही?"

"नाही."

"मग खारट पाण्याची आठवण कशी येत नाही त्याला?"

"तुमचा नातू मालवणला कितीदा गेलाय माई?"

तेही खरंच. पण कोडं काही सुटलं नाही. गोड्या पाण्यातला मासा चिखलासारखा लागतो असं आमच्याकडे सगळे म्हणतात. हा कसा लागत असेल? एकदा तरी कळायला नको?

तेवढ्यात गळाची वाकलेली काठी ताडकन सरळ झाली आणि पुन्हा वाकली. दोरी सुटली होती! अस्मिताने काठी धरली. तिचा फोन माझ्या मांडीवर होता, तोही वाजायला लागला. डोंगरातल्या गार वाऱ्याने बोटं बधिर झालेली. बंद करायला गेले नि हिरव्यावर दाबलं. पडद्यावर विनीताताई, हातात चहाचा कप.

"विहीणबाई, अस्मिता कुठाय?"

मी फोन लपवणार तोच पाठीमागून आरोळी, "माई, सॅमन आहे! जाळं घ्या!"

जाळं घ्यायचं तर फोन ठेवायचा कुठे? बाकावर उभा केला. विनीताताईंना सगळं दिसत होतं. अस्मिताने वळून बघितलं आणि तिचा चेहरा पडला. हात थांबले. दोरी सैल व्हायला लागली.

"अगं, थांबलीस काय?" फोनमधून आवाज आला. "सुटेल ना तो!"

अस्मिताने दोरी गुंडाळायला घेतली. मी जाळं घातलं. हातभर मासा, चांदीसारखा, अंगावर काळे ठिपके.

"आई, सोडते हं आता," अस्मिता म्हणाली. आवाज शाळेतल्या पोरीसारखा. "मी नेहमी सोडते."

"हे लेकवर फिरणं?"

"हो."

"किती वर्षं?"

मासा जाळ्यात फडफडत होता.

"मी चिडलेय," विनीताताई म्हणाल्या, "ते घरी पोचलीस की बोलू. पण सहा तास नेऊन विहीणबाईंना नुसता दाखवतेस? त्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला इथून दिसतंय. मारताना मात्र मला दाखवू नको." फोन बंद.

अस्मिताने छोटा लाकडी दांडका उचलला. "तुम्ही मारता माई?"

"तुझा मासा आहे. सोडायचाही तूच, मारायचाही तूच."

तिने नीट जागा बघून एकच घाव घातला, आणि दांडका धरून तशीच बसली.

फोन पुन्हा वाजला.

"झालं?" विनीताताई दबकत म्हणाल्या. "त्याला साल असतं का गं? आणि आमटीत काय घालतात, चिंच की आमसूल?"

"मला काय माहीत आई? मी कुठे खाल्लाय?" अस्मिता रडता रडता हसली. "माईंना विचार."

मग मी सांगत बसले आणि त्या विचारत बसल्या, बोट धक्क्याला लागली तरी आमचं संपेना.